मागे बसणारीचं शिक्षण

सुगी आली हे मला कॅलेंडर सांगत नाही, घसा सांगतो. माघातल्या एखाद्या दुपारी वारा अक्कलकोटच्या रस्त्याकडून वाहू लागतो आणि घशात काहीतरी कोरडं खवखवतं. ज्वारीची कूस असते ती. मळणी-उपणणीची धूळ कोसकोस जाते आणि म्हाताऱ्या माणसांना गाठून खोकला देते. आमच्या सुनेला हे पटत नाही. ती म्हणते, साधी रस्त्यावरची धूळ आहे. मी वाद घालत नाही, खिडकी लावून घेते.

यंदा मात्र खिडकी उघडी ठेवली आहे, कारण समोरच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी एक गंमत चालते. शेजारचा मुलगा आपल्या नव्या बायकोला स्कूटर शिकवतो. तो मागून धावतो, ती पुढच्या चाकाकडे बघत राहते, आणि दोघंही ओरडतात. चाकाकडे बघणारं माणूस पडणार, हे मला खिडकीतून सांगता येतं. परवा ती पडलीच. उठली, साडी झटकली, नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारून चार शब्द सुनावले आणि पुन्हा बसली. मला तिचं कौतुक वाटलं. हेवा वाटला असंही म्हणता येईल, पण या वयात हेवा फार वेळ टिकत नाही.

नात म्हणाली, "आजी, तुला काय कळतं गं त्यातलं?" मी म्हटलं, माझं शिक्षण झालेलं आहे. ती हसली. पण खरंच झालेलं आहे. फटफटीचं, रीतसर, हवालदार ठेवून, शेवटी परीक्षा घेऊन. फक्त मला चालवायला शिकवलं नव्हतं, मागे बसायला शिकवलं होतं. मागे बसण्यात शिकण्यासारखं काय आहे, असं सगळेच विचारतात. आम्हीही तेच विचारलं होतं. त्याचं उत्तर माझ्या डाव्या गुडघ्यावर अजून आहे.

साल नक्की सांगता येणार नाही. एकोणीसशे तिसाच्या पुढचं होतं एवढं खरं. माझं माहेर मोडनिंबचं, लग्नाला वर्ष झालेलं. सासर सोलापुरात, पण अगदी कडेला. पुढे माळवदाचं घर, मागे गोठा, आणि गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं रान सुरू होई. गिरणीचा भोंगा आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा एकाच अंथरुणात ऐकू येत. भोंग्याला शेजारच्या तेलुगू विणकर साळ्यांच्या गल्लीतली माणसं उठत आणि घंटांना आमच्याकडची.

आमचे हे मुंबईला जाऊन गुरांच्या डॉक्टरीचं शिकून आले होते. माणसांचा डॉक्टर झाला असता तर चारचौघांत सांगता आलं असतं, असं आत्याबाईंना वाटे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांना उत्तर म्हणून मामंजी एवढंच म्हणत, "माणूस दुखतंय म्हून सांगतं तरी. बैल कुणाला सांगंल?" त्यानंतर आत्याबाईंनी तो विषय काढला तरी तो तिथेच संपे.

मामंजी माझ्याशी थेट बोलत नसत. त्यात राग नव्हता, रीत होती. मला काही सांगायचं असलं तर ते आत्याबाईंना सांगत. आत्याबाई माझ्याकडे वळून तेच पुन्हा सांगत. मी आत्याबाईंना उत्तर देई, ते मामंजींनी ऐकलेलंच असे, तरी आत्याबाई त्यांच्याकडे वळून ते पुन्हा पोचवत. साधं भाकरी वाढू का एवढं विचारायचं तरी घरात सभा भरल्यासारखं होई. यांच्याशीही वडीलधाऱ्यांसमोर बोलायचं नसे, जवळ उभं राहायचं नसे. मी मामंजींचे पाय ओळखत होते, जोडे ओळखत होते, खोकला ओळखत होते. चेहरा वर करून पाहिल्याचं आठवत नाही.

त्या माघात यांना नोकरीचा हुकूम आला. वळसंगच्याही पुढे, मोठा रस्ता सोडून काळ्या रानात आत एक गाव होतं. तिथे गुरांचा दवाखाना आणि त्याला लागून दोन खोल्या. बोली कानडी. दिवसभर आजूबाजूच्या गावांतून हिंडून संध्याकाळी मुक्कामाला यायचं, आणि हिंडण्यासाठी सरकारने एक फटफटी दिली होती. ती मालगाडीतून आली आणि स्टेशनावरून घरी आमच्याच बैलगाडीतून आली, खाली कडबा पसरून, वर आडवी निजवून. बैल शांतपणे तिला ओढत होते. त्यांना काय येऊ घातलंय याची कल्पना नव्हती. आत्याबाईंनी तिच्या दिव्याला हळदकुंकू लावलं, टाकीवर अक्षता टाकल्या, आणि मग विचारलं, "आता ही हाकायची कुणी?" कारण यांना फटफटी येत नव्हती. तसं हुकमात विचारलेलंही नव्हतं.

मी जाणार की नाही हे त्याच संध्याकाळी ठरलं. मामंजी आत्याबाईंकडे बघून म्हणाले, "सूनबाई हितंच ऱ्हाईल. जितनं माघारी येता येत न्हाय तितं मी पोर धाडणार न्हाय." आत्याबाईंनी ते मला पुन्हा सांगितलं, अगदी हळू.

असं बोलायला त्यांना कारण होतं. माझ्या थोरल्या वन्सं, म्हणजे यांच्या मोठ्या बहीण, असल्याच आतल्या गावात दिलेल्या होत्या. एकदा त्यांच्या पोटात दुखू लागलं म्हणून सासरच्यांनी सकाळी गाडी जुंपून सोलापूरची वाट धरली. वळीव पडून गेलेला, काळी जमीन, चाकं रुतत गेली. दिवस मावळताना गाडी आमच्या दारात लागली. मामंजी लेकीला उतरवून घ्यायला पुढे झाले. त्यांनी पांघरूण बाजूला करून पाहिलं आणि पुन्हा घातलं. मी हे पाहिलेलं नाही, मी तेव्हा या घरात नव्हते. पण घरातल्या प्रत्येकाने मला ते वेगवेगळ्या वेळी, एकाच शब्दांत सांगितलं होतं.

म्हणून यांनी वडिलांशी वाद घातला तो त्याच वाटेने घातला. म्हणाले, "अण्णा, फटफटीवरून दोन तासांत घरी आणता येईल तिला."

"ती बसंल व्हय त्याच्यावर?"

"बसेल."

"पडंल की. तुला तरी येती का चालवाय?"

मामंजींनी चिलीम झाडली. मग म्हणाले, "शिका मग. दोघंबी शिका. सुगी सरंस्तवर मुदत हाय. माझ्या डोळ्यांदेखत न पडता ये-जा केली तर जावा जोडीनं. न्हायतर तू एकला जा, तिला बदली झाल्यावर न्हे."

मला जायचं होतं. त्यात नवऱ्याची ओढ किती, स्वतःच्या चुलीची किती आणि चेहरा वर करून चालता येईल अशा घराची किती, हे मी तेव्हा वेगळं करून पाहिलं नाही. बदली म्हणजे किती वर्षं हे कोणालाच माहीत नव्हतं. मी रात्रंदिवस तेवढं एकच मनात धरून होते.

मौला हवालदार आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करत असे. पहिल्या लढाईत तो इराकात, बसऱ्याकडे, साहेबाची फटफटी चालवून टपाल पोचवायचा. परत आल्यापासून त्याला फटफटीला हात लावायला मिळाला नव्हता. तो आला, फटफटीभोवती एक फेरी घातली, टाकीवर तळहात ठेवला आणि नाक पुसलं. "कूस लई हाय हवेत," म्हणाला. मग यांना म्हणाला, "डॉक्टरसाब, पयलं ढकलून दाखवा."

शिकायची जागा म्हणजे आमचं खळं. मळणी नुकती संपली होती, रास घरी आली होती, नारळ फुटला होता. म्हणजे खळं आता मोकळं, तिथे पायात जोडे चालणार होते. सारवलेली गोल जमीन, बैलांच्या खुरांनी घोटून गुळगुळीत झालेली, मध्ये तिवडा म्हणजे बैल ज्याभोवती फिरतात तो खांब, बाजूला कडब्याची गंज. जिथे आठवड्यापूर्वी बैल गोल फिरत होते तिथे आता हे फटफटी घेऊन गोल फिरू लागले. आधी नुसती ढकलत. मग बसून, पण इंजिन बंद, मौला मागून ढकलतोय अशी. इंजिन सुरू करायला त्याने किती दिवस लावले ते मला आठवत नाही, पण आत्याबाई म्हणाल्या होत्या, "एवढ्या दिसांत खोंड औताला लागला असता."

मौलाची शिकवण उलट्या टोकापासून सुरू होई. "चालवायचं मागनं. आदी थांबायचं शिका. त्याच्या आदी पडायचं शिका." पडताना हात सोडायचे, फटफटी एकीकडे आणि आपण दुसरीकडे, कोपर अंगाशी. हे सगळं कडब्यावर करून घेतलं. मलाही. नऊवारीत रीतसर पडायला शिकलेली त्या जिल्ह्यात बहुधा मी एकटीच असेन. आणि त्याचं लाडकं वाक्य होतं, "तिवड्याकडं बघू नका. तिवड्याकडं बघाल तर तिवड्यावरच जाल. जायचं जितं हाय तितं बघा." यांनी दोनदा तिवड्याकडे पाहिलं. तिवडा मजबूत होता.

यांना येऊ लागलं. रस्त्यावर जाऊन येऊ लागले. समोरून कडब्याची गाडी आली की आधीच थांबून इंजिन बंद करायचं, हे मात्र यांना कोणी शिकवावं लागलं नाही. बैलाचे कान बघून तो उधळणार की नाही हे त्यांना दुरून कळे. मौला म्हणे, "बसऱ्याला मला तुमच्यासारखा उस्ताद असता तर उंटावरनं शिव्या खाल्ल्या नसत्या." मग तो माझ्याकडे वळला. मागच्या लोखंडी जाळीवर घोंगडीची घडी बांधली होती. ती माझी जागा.

बसायचं कसं इथपासून प्रश्न. एका बाजूला पाय टाकून बसलं तर तोल जातो, मौलाने आधीच सांगून टाकलं. घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या गंजीच्या सावलीत सांडलेली कणसं वेचत होत्या. माझ्या लुगड्याच्या कासोट्याकडे बघून म्हणाल्या, "कासोटा काय नुसता चालायलाच मारायचा असतो व्हय? बस." पदर चाकात जाईल ही मौलाची दुसरी भीती. त्यावरही त्यांनीच उपाय केला. काढणीला जाणाऱ्या बायका घेतात तसा पदर डोक्यावरून घट्ट ओढून मागे गाठ मारून दिली. मी बसले. इंजिन सुरू झालं. तिवड्याभोवती अर्धी फेरी झाली आणि आम्ही पडलो.

पुन्हा बसलो, पुन्हा पडलो, नेमके वळताना. मौलाला कळेना. त्याच्या मागे आयुष्यात कोणी बसलंच नव्हतं, टपालाची पिशवी सोडून. त्याने माझ्या जागी ज्वारीचं भरलेलं पोतं बांधून पाहिलं. पोतं घेऊन यांनी सुंदर फेऱ्या मारल्या. मला बसवलं की पडायचे. शेवटी तो कपाळाला हात लावून म्हणाला, "वैनीसाब, राग मानू नका, पर तुमच्यापरीस पोतं चांगलं बसतंय."

राग आला होता. पण पोतं माझ्यापेक्षा चांगलं का बसतं, हा प्रश्न मलाही पडला होता.

उलगडा झाला तो परत येताना, बैलगाडीत. मामंजींचा गडी गाडी हाकत होता, आम्ही मागे बसलो होतो, मौलाही होता. रस्त्याच्या खाचेत डावं चाक गेलं, गाडी डावीकडे कलली, आणि आम्ही सगळे बोलणं न थांबवता उजवीकडे झुकलो. आत्याबाई झुकल्या, मी झुकले, हे झुकले. गाडी सरळ झाली, आम्ही सरळ झालो. गाडीत वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवत नाही. मूल बसायला लागतं तेव्हापासून ते करतं. कलत्या बाजूला भार टाकला तर गाडी उलथेल, म्हणून उलट बाजूला जायचं.

मौला आमच्याकडे बघत बसला. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "ह्येच की! वैनीसाब, फटफटी कलती ती पडाय न्हाय, वळाय कलती. तुमी तिला सावराय जाता आन तिथंच घात हुतो."

एवढंच होतं. यांनी फटफटी वळायला कलवावी आणि मी मागून जन्माच्या सवयीने ती सरळ करावी. पोत्याला बैलगाडीची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, "आता स्वतःचं डोकं लावायचं न्हाय. डॉक्टरसाबांच्या कमरंला दोनी हातांनी धरायचं, पाठीला पाठ लागंल असं चिकटायचं." त्याला छाती म्हणायचं होतं, त्याने आमचा मान राखून पाठ म्हटलं. "ते जिकडं, तुमी तिकडं." भर दुपारी, उघड्या रानात, परक्या माणसाने ते सांगितलं. हे तिवड्याकडे बघू लागले, जे बघायचं नव्हतं. मी स्वतःच्या पायांकडे. आत्याबाईंनी कणसं वेचणं न थांबवता म्हटलं, "फटफटी शिकवाय हवालदार ठेवला ते समजलं. नवरा धराय बी हवालदारच लागतो का?"

मी धरलं. आम्ही फिरलो आणि पडलो नाही.

त्यानंतरच्या दुपारी मला अजून दिसतात, दुसऱ्या कोणाच्या असाव्यात तशा. पुरुषमाणसं बाजारात कडबा घेऊन गेलेली असत. खळ्यावर आम्ही तिघं आणि सावलीला आत्याबाई. कडब्याचा गोडसर वास, यांच्या सदऱ्याला गोठ्यातल्या फिनेलचा वास, आणि पेट्रोलचा. इंजिनाच्या आवाजात "अहो" ऐकू जाईना आणि नावाने हाक मारायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मौलाने खुणा ठरवून दिल्या. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे हळू. डाव्या खांद्यावर म्हणजे थांबा. पाठीवर म्हणजे काही नाही, बरं चाललंय. काही नाही हे सांगायला खूण कशाला, असं यांनी विचारलं तेव्हा मौला म्हणाला, "लढाईत आमी तारेनं तेच सांगायचो की. सब ठीक. रोज सांगायचो." मी ती खूण पुष्कळदा वापरली. त्या दिवसांत मी सुखी होते.

मग मामंजी बघायला आले.

ते खळ्याच्या कडेला कडुलिंबाखाली उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी नीट बसले होते, नीट धरलं होतं. फेरी सुरू झाली आणि वळणावर त्यांचा पटका दिसला. माझे हात सुटले. मी सोडले नाहीत, ते सुटले. पाठ ताठ झाली, यांच्यात आणि माझ्यात वीतभर अंतर पडलं, सासऱ्यांसमोर पडायला हवं तेवढं, आणि आम्ही तिवड्याशेजारी आडवे झालो. दुसऱ्या वेळी मी शपथ घेऊन बसले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गुडघा फुटला.

मामंजी आत्याबाईंना म्हणाले, "सूनबाई हितंच ऱ्हाईल." आत्याबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी ते पुन्हा सांगायला हवं होतं. त्या खाली बसून माझ्या गुडघ्यावर माती दाबू लागल्या.

मौला पुढे झाला. "अण्णा, एक बोलू का? तुमी नसला की ही दोघं झ्याक चालत्यात. तुमी बघता म्हून पडत्यात."

मामंजी त्याच्यावर चिडले नाहीत. त्यांनी विचार केला आणि विचारलं, "मी बघितल्याबिगर मला कळायचं कसं?"

मौला आडवी पडलेली फटफटी उभी करू लागला. मी नंतर हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे, वेगळ्या शब्दांत. मुलं वाढवताना मीही तो विचारला. बघितल्याशिवाय भरवसा नाही, आणि बघत राहिलं की समोरचं माणूस हातपाय गाळतं. समोरच्या मैदानावर तो मुलगा बायकोच्या मागे धावतो ना, त्याला कोणीतरी सांगायला हवं की जरा घरात जाऊन चहा पी.

रानं मोकळी होत गेली. गंजी रचून झाल्या, राहिलेला कडबा गाड्यांतून शहराकडे जाऊ लागला, गाड्या रस्ताभर पाचोळा सांडत. यांची पेटी भरायला घेतली होती. आत्याबाईंनी तिच्यात एका माणसाचं अंथरूण ठेवलं, एक तांब्या, एक ताट. मी घड्या घालून देत होते. रडण्यासारखं काही नव्हतं, घरचं सगळं ठीक होतं, मला जेवायला मिळत होतं, कोणी वाईट वागत नव्हतं. तरी मी घडी घालताना तोंडात पदर धरला होता.

सुगी सरायला आलेली. एका दुपारी आम्ही उगीचच खळ्यावर गेलो होतो. मौला म्हणाला होता, डॉक्टरसाब जायच्या आत शेवटच्या चार फेऱ्या मारू. आणि मामंजी रानातून चालत आले. त्यांना पाहून माझे हात आपोआप खाली आले. ते खळ्याशी आले, काठी टेकली, आणि सावकाश वळून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तोंड शहराकडे, गिरणीच्या धुराड्यांकडे.

"व्हय मौला," ते म्हणाले, "चालू द्या."

घरात सासरा पाठ फिरवून उभा राहिला तर सुनेने काय समजावं, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, रागावले. मग मी पाहिलं की त्यांनी पटका कानांवरून वर सरकवला होता. ते ऐकत होते.

यांनी इंजिन सुरू केलं. मी धरलं. आम्ही फिरू लागलो, आणि दर फेरीला ती पाठ समोर यायची आणि जायची. मी त्यांच्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. रुंद, किंचित वाकलेली, बंडीला एका खांद्यावर ठिगळ, आत्याबाईंच्या टाक्याचं. वाकलेल्या बाजूच्या हातात काठी. मौलाने हात फिरवून उलट दिशेला जायला सांगितलं, कारण रस्ता दोन्हीकडे वळतो. आम्ही उलट गेलो. मग खळं सोडून गाडीवाटेने मोठ्या रस्त्याला लागलो. समोरून कडब्याच्या दोन गाड्या आल्या. मी यांच्या डाव्या खांद्यावर थाप मारली, यांनी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, बैल कान ताठ करून निघून गेले, पुन्हा इंजिन सुरू झालं. परत आलो तेव्हा मामंजी तसेच उभे होते. काठीवरची बोटं पांढरी पडली होती.

"मदीच आवाज बंद झाला," ते म्हणाले, अजून शहराकडे बघत.

"गाड्या आल्या हुत्या, अण्णा. म्हून थांबले," मौला म्हणाला.

"आपणहून थांबले?"

"आपणहून."

मामंजींनी मान हलवली. "कंदी थांबायचं कळलं म्हंजे झालं," म्हणाले आणि वळून आमच्याकडे न बघता घराकडे चालू लागले. त्या रात्री आत्याबाईंनी पेटी उघडली आणि दुसरं अंथरूण ठेवलं.

निघालो ती सकाळ होती. सामान आदल्या दिवशी गाडीने पुढे गेलं होतं. फटफटी दारात लावलेली, आणि बघायला सगळी गल्ली. साळ्यांच्या बायका मुलं कडेवर घेऊन तेलुगूत काहीतरी बोलत हसत होत्या. यांचे चुलते आले होते, भावकीतली चार वडीलधारी माणसं आली होती. मामंजी उंबऱ्यापुढच्या ओट्यावर उभे होते आणि या वेळी त्यांचं तोंड रस्त्याकडे होतं. दारात पाहुणे असताना घरधन्याला पाठ करून उभं राहता येत नाही.

मी नमस्कार करून बसले. पदराची गाठ आत्याबाईंनी मारून दिली. यांनी इंजिन सुरू केलं आणि माझे हात मागे जाळीच्या लोखंडाला घट्ट धरून बसले. यांनी मान किंचित वळवली. त्यांना कमरेला हात जाणवत नव्हते आणि त्याचा अर्थ त्यांना माहीत होता. गल्लीच्या टोकाला लगेच वळण होतं. ते गाडी सोडेनात. मौला जमिनीकडे बघत होता. इंजिन नुसतं चालू होतं, लोक वाट बघत होते, आणि काय अडलंय ते आम्हा घरच्यांना आणि मौलाला कळत होतं, बोलता मात्र कोणालाच येत नव्हतं.

मामंजी ओटा उतरून फटफटीपाशी आले. आत्याबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या, पण त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं नाही.

"सूनबाई," ते मला म्हणाले, "त्येला नीट धरून बस. आमच्याकडं बघू नगंस. म्होरं बघ."

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. आम्ही त्या वाटेने किती वेळा आलो-गेलो, मुलं झाली, बदल्या झाल्या. माझ्याशी त्यांचं बोलणं पुन्हा आत्याबाईंच्या तोंडूनच होत राहिलं, शेवटच्या आजारातसुद्धा. थेट बोललेलं तेवढंच.

मी आत्याबाईंकडे वळले नाही. सगळ्या गल्लीसमोर, भावकीसमोर, त्यांच्यासमोर, मी दोन्ही हातांनी धरलं आणि यांनी गाडी सोडली.